खारकोंड्याच्या वहीचं न हरवणं

१

वही सापडली. शनिवारी दुपारी चार वाजून सात मिनिटांनी, पंचवीस-तीस माणसांच्या समक्ष, धडधाकट अवस्थेत सापडली.

परंतु पुढच्या बुधवारी पेणच्या लोकविहार वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची बैठक झाली आणि तीत एकमताने ठरलं, की वही मुळात हरवलीच नव्हती. हरवली नव्हती, त्यामुळे ती सापडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आणि सापडली नाही, त्यामुळे कुठे सापडली हा प्रश्न तर अजिबातच उद्भवत नाही. तेव्हा वरच्या ओळी वाचकांनी वाचल्या नाहीत असं धरून चालावं. आपण शुक्रवारपासून सुरू करू. शुक्रवार अजून कोणी रद्द केलेला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सहायक ग्रंथपाल नफिसा मुकादमने प्रदर्शनातल्या मधल्या काचपेटीचं कुलूप काढलं. काम किरकोळ होतं. पेटीत वहीचं पहिलं पान उघडून ठेवलेलं होतं आणि कार्यवाह घरतसरांना तिसरं पान हवं होतं, कारण तिसऱ्या पानावर मोडी होती आणि मोडी दिसली की पाहुणे गप्प बसतात, असा त्यांचा अनुभव होता. नफिसाने पानाच्या कडेला नख लावलं. पान उलटेना. दमटपणाने चिकटलं असेल म्हणून तिने जरा जोर केला, तेव्हा पानाचा कोपरा मोडून तिच्या हातात आला. कोपरा आतून पांढराशुभ्र होता.

वही प्लास्टरची होती. वर पिवळट रंग, कडेला वाळवीची भोकंसुद्धा काढलेली. पहिल्या पानावरचा 'श्री' इतका सुरेख रंगवलेला, की दोन दिवस येता-जाता तिने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं होतं.

नफिसा खुर्चीवर बसली. उठली. पुन्हा बसली. उद्या चारला उद्घाटन, आणि खरी वही कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

आता ही वही म्हणजे काय, ते सांगायला हवं. पेणजवळच्या गडबहून खाडीकडे उतरलं की खारकोंडे नावाचं गाव लागतं. गावाची भातशेती खाडीच्या पातळीखाली आणि मध्ये फक्त मातीचा बांध. बांधाला खेकडे भोकं पाडतात. भोक बुजवलं नाही तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथूनच पाणी शिरतं आणि पुढची तीन वर्षं शेतात मीठ पिकतं. म्हणून गावातल्या सत्तावीस घरांनी पाळी लावून घेतलेली. एक वर्ष एक घर. त्या वर्षी प्रत्येक उधाणाच्या आधी त्या घरच्या माणसाने बांधावरून चालायचं आणि भोकं बुजवायची. कोणाची पाळी, ते वहीत. वही नव्वद वर्षांची. दर मार्गशीर्ष अमावास्येला सकाळी पारावर ती वाचली जाते आणि नाव निघतं. वहीतून निघालेल्या नावापुढे कोणी वाद घालत नाही. वही नसती तर गावाने दुसरं काहीच केलं नसतं. सत्तावीस घरं एकमेकांकडे बघत बसली असती, आणि खाडीला बघत बसायची सवय नाही.

अमावास्या रविवारी होती.

वही तीन पिढ्या धोंडुबाईच्या घरात. धोंडुबाई सत्त्याहत्तर वर्षांची, वाचता येत नाही, पण वहीला कुणी ओला हात लावला तर तिला घरात बसून कळतं. घरतसरांना तिने दोनदा नकार दिला होता. रोह्याच्या वाचनालयाचे उबेदभाई मिठाई घेऊन गेले, तर तिने मिठाई ठेवून घेतली आणि वही नाही दिली. शेवटी नफिसा गेली. धोंडुबाईने नाव विचारलं, आडनाव विचारलं.

"मुकादमांची का गो तू? रोह्याच्या?"

नफिसा हो म्हणाली.

"मंग ने. पन रविवारच्या आत माझ्या हातात."

आपल्या बोलण्यात गोडवा आहे, असं नफिसाला त्या दिवशी परतताना वाटलं होतं. तिने स्वतःच्या सहीने पावती लिहून दिली होती. धोंडुबाईने ती उलटी धरून नीट पाहिली, घडी केली आणि कमरेच्या पिशवीत घातली.

नफिसा कोपरा हातात धरून बसली होती, तेवढ्यात घरतसर आले. निवृत्त मुख्याध्यापक, वय एकाहत्तर, काखेत नेहमीप्रमाणे एक खाकी कव्हरचं पुस्तक. सर वाचनालयातलं पुस्तक काखेत घेतल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. पेणमध्ये त्यांना 'चालतं वाचनालय' म्हणतात, आणि ते स्वतःही म्हणतात. आज ते धोब्यावर चिडलेले होते. करड्या नेहरू शर्टाच्या काखेत त्याने डाग तसेच ठेवले होते म्हणे, दोनदा धुऊनही. नफिसाने प्लास्टरचा कोपरा त्यांच्यापुढे धरला.

सरांनी तो पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे कोणाला सांगू नका. विशेषतः मला."

२

पेणमध्ये प्लास्टरचं काही घडलं की रस्ता गणपतीच्या कारखान्यातच जातो. हरेशचा कारखाना वाचनालयाच्या मागच्याच आळीत होता. डिसेंबर असला तरी पुढच्या भाद्रपदाचे शंभरेक गणपती बिनरंगाचे रांगेत उभे होते आणि सगळे नफिसाकडे बघत होते. तिला ते आवडलं नाही.

हरेशने लगेच कबूल केलं. इतक्या लगेच, की नफिसाची तयारी वाया गेली. वहीसाठी लाकडी घडवंची करायची असं घरतसरांनी त्याला सांगितलं होतं. मापाला म्हणून वही नेली. पण माणसाने मूर्तिकाराच्या हातात काही दिलं की तो आधी त्याचा साचा काढतो, मग विचार करतो. प्लॅस्टिकचा कागद लावून वहीचा साचा निघाला, साचा चांगला निघाला, मग एक प्रत ओतली, मग रंग उरला होता. सरांना दाखवली तर सर म्हणाले, उत्तम, उद्घाटनापर्यंत हीच पेटीत ठेवू, खरीला धूळ नको. हे सरांनी नफिसाला सांगितलं होतं का? नाही. सरांच्या लक्षात होतं का? आता नव्हतं.

"मग खरी?"

"मंगळवारी सकाळीच आणून ठेवली की. पेपरात गुंडाळून. टेबलावर."

"कुणाच्या हातात दिलीस?"

"टेबलाच्या."

आता नफिसाने वर्मी घाव घालायचं ठरवलं. हरेश मूळचा खारकोंड्याचा. या वर्षी पाळी कोणाची, याची कुजबुज तिने धोंडुबाईच्या ओटीवर ऐकली होती. तिने विचारलं, पाळी तुझीच ना?

हरेशने हातातला गणपतीचा कान खाली ठेवला. गावात सगळी तसंच बोलतात, तो म्हणाला. पण त्याला मोसमात झोप मिळत नाही, पंचवीस उधाणं कुठून करायची. वही हरवली तर त्याच्याइतकं सुख कोणालाच होणार नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं. नफिसाने आपल्या टिपणवहीत लिहिलं: हेतू आहे, संधी आहे, लाज नाही.

"पन मी नाय घेतली," हरेश म्हणाला. "घेतली असती तर नकलेत पाळीचं पान तरी माझ्या सोयीचं केलं असतं. फुकट रंगवलाय तो 'श्री'."

हा मुद्दा बिनतोड होता आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला.

३

मंगळवारी टेबलापाशी कोण होतं? एक म्हणजे पुंडलिककाका. वाचनालयाचे शिपाई, बाइंडर, पंखे दुरुस्त करणारेही तेच, आणि अडतीस वर्षांची नोकरी. ते म्हणाले, वही बघितली नाय. मंगळवार त्यांचा खळीचा वार. वाटीभर खळ शिजवायची आणि नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, पाठीवर क्रमांक, आत खिसा, सात ठिकाणी शिक्का. एकदा बसले की शेजारी आग लागली तरी आगीला कव्हर घालतील, अशी त्यांची ख्याती होती. आज मात्र ते वैतागलेले होते. पुस्तकं आली एकेचाळीस आणि खाकी कागद गेले बेचाळीस. कोणीतरी एक कागद ढापला, आणि तुम्ही इथे वहीचं काय घेऊन बसलात?

नफिसाने टेबल पाहिलं. वाचनालयात टेबल एकच. त्याच्या डाव्या कोपऱ्यात आपला डबा ठेवायचा नाही, एवढं ती नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती. आज त्या कोपऱ्यात पांढरी भुकटी दिसली. चिमूटभर, लाकडाच्या रेघांत बसलेली. प्लास्टर, ती मनाशी म्हणाली. म्हणजे हरेशने खरीच्या जागीही खोटीच आणून ठेवली आणि खरी अजून कारखान्यात, एखाद्या गणपतीच्या पोटात आहे. शंभर गणपती. एकेक फोडून बघायचे की काय?

दुसरे होते उबेदभाई. त्यांना गाठायला ती संध्याकाळच्या गाडीने रोह्याला घरी जाताना वाटेत कुंडलिका वाचन मंदिरात थांबली. हेच प्रदर्शन पेणला आठ दिवस राहून मग रोह्याला जायचं होतं, आणि आधी रोहा का नाही, या प्रश्नावर उबेदभाई तीन महिने पत्रं लिहीत होते. कुवेतहून परतल्यापासून त्यांचा सगळा वेळ वाचनालयात जायचा; बायको अनीसा म्हणायची, तिथून दर महिन्याला फोन तरी यायचा.

उबेदभाईंनी तिला आधी काचपेटी दाखवली. अमावास्या झाल्यावर धोंडुबाई वही पुन्हा देईल, या आशेवर खास बनवलेली. मापं त्यांनी हरेशच्या नकलेवरून घेतली होती, त्यामुळे पेटीत प्लास्टरची वही बरोबर बसणार होती आणि पानं फुगलेली खरी अर्धा इंच बाहेर राहणार होती. मग त्यांनी चहा सांगितला. मग नफिसाने विचारलं.

हो, मंगळवारी अकराला ते पेणला होते. हो, टेबलावर डाव्या कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हो, उघडून बघितलं. वहीच होती, खरी, पानं उलटत होती, खारट वास येत होता. मोह झाला का? झाला. उचलली का?

"नाही गं. तोबा. धोंडुबाईची वही आहे ती." उबेदभाईंनी मान खाली घातली. "पेपर तेवढा घेतला. गाडीत वाचायला काहीतरी हवं ना."

नफिसाने डोळे मिटले. म्हणजे हरेश खरं बोलत होता. खरी वही मंगळवारी अकराला टेबलावर होती. उघडी, गुंडाळी नसलेली, डाव्या कोपऱ्यात. आणि त्यानंतर ती टेबलावरून नाहीशी झाली.

४

शनिवारी नफिसा साडेनऊलाच वाचनालयात पोचली. पुंडलिककाका प्रदर्शनाच्या फिती लावत होते. फलकावर सरांनी स्वतः लिहिलं होतं: 'अक्षरांच्या खाडीकाठी: ग्रंथ व दस्तऐवज यांचं दुर्मीळ प्रदर्शन'. दुर्मीळ हा शब्द टाळून ती आत गेली.

ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली. डाव्या कोपऱ्यातली भुकटी कालपेक्षा वेगळी दिसत होती. काल कोरडी होती; आज सकाळच्या दमट हवेत ती ओलसर झाली होती, कडा विरघळल्या होत्या. प्लास्टर असं करत नाही. आजूबाजूला कोणी नाही असं बघून सहायक ग्रंथपालांनी सरकारमान्य वाचनालयाच्या टेबलाला बोट लावलं आणि ते बोट जिभेवर ठेवलं.

खारट.

नव्वद वर्षं खाडीकाठच्या घरात राहिलेली वही. उचलली की कडांतून मीठ झडतं, धोंडुबाईच्या ओटीवर ते नफिसाच्या ओढणीलाही लागलं होतं. म्हणजे या कोपऱ्यात कोणीतरी वही उघडली, आपटली, झटकली. पुस्तक असं कोण झटकतं? कव्हर घालण्याआधी?

मग तिला आपला पास आठवला. सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या तिसऱ्या दिवशी, तिने रेल्वेचा पास क्षणभर डाव्या कोपऱ्यात ठेवला होता. चहा पिऊन आली तेव्हा पासाला खाकी कव्हर होतं, आत खिसा होता आणि क्रमांक पडला होता. रोह्याला तिकीट तपासनीसाने तो पास उघडून 'परत करण्याची तारीख' वाचली होती. डावा कोपरा म्हणजे पुंडलिककाकांचा कव्हरांचा ढीग. तिथे जे असेल ते पुस्तक. अडतीस वर्षं मान वर न करता.

एकेचाळीस पुस्तकं आणि बेचाळीस कागद.

तिने दाखल नोंदवही काढली. मंगळवारची शेवटची नोंद पुंडलिककाकांच्या वळणदार अक्षरात होती. पुस्तकाचं नाव: श्री. लेखक: गावकरी मंडळी. प्रकार: कादंबरी. क्रमांक चौदा हजार सहाशे बेचाळीस.

ती धावत कादंबऱ्यांच्या कपाटाकडे गेली. चौदा हजार सहाशे एकेचाळीस होतं. त्यानंतर बोटभर जागा रिकामी होती.

देवघेवीच्या रजिस्टरात या क्रमांकाची नोंद नव्हती. पुंडलिककाकांना विचारलं तर ते दुखावले. नोंद केल्याशिवाय पुस्तक दारातून जात नाय, ते म्हणाले, साडेतीनशे सभासदांपैकी एकाचंही नाय. फक्त एकच माणूस नोंद करत नाही, कारण रजिस्टर तपासून त्यावर सही करण्याचं काम त्याचंच आहे.

नफिसाला कालचा धोबी आठवला. दोनदा धुऊनही परत उमटणारा काखेतला पांढरा डाग.

तिने घरतसरांना फोन लावला. फोन बंद होता. भाषणाच्या दिवशी सर फोन बंद ठेवतात.

५

पावणेचारला खुर्च्या भरल्या. धोंडुबाई पहिल्या रांगेत बसली होती, कमरेच्या पिशवीवर हात ठेवून. उद्घाटन आटोपलं की वही घेऊन सहाच्या टमटमने ती परत जाणार होती. हरेश दाराशी, उबेदभाई खिडकीशी, पुंडलिककाका समईशी. काचपेटीत प्लास्टरची वही, कोपऱ्याला फेविकॉल. दोन पाहुणे तिच्यापुढे उभे राहून कागदाच्या पोताबद्दल आदराने बोलत होते.

चारला घरतसर आले. काखेत खाकी पुस्तक. ते थेट व्यासपीठावर जाऊन बसले आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

आता रीत अशी, की तपास करणाऱ्याने सगळ्यांना एका खोलीत जमवावं आणि एकेकाचं पितळ उघडं पाडावं. इथे सगळे आपणहून जमले होते, माईकही होता. सूत्रसंचालन नफिसाकडेच होतं. तिने स्वागत केलं आणि त्याच सुरात पुढे सांगायला घेतलं. हरेशने साचा का काढला, पेपर कोणी नेला, टेबलाच्या डाव्या कोपऱ्याचा कायदा काय, कागद बेचाळीस कसे झाले. लोकांना ते प्रास्ताविक वाटलं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. पुंडलिककाका मात्र हळूहळू पांढरे पडत गेले आणि 'लेखक: गावकरी मंडळी' आल्यावर समईला धरून खाली बसले.

मग ती सरांकडे वळली आणि विचारलं, सध्या आपण काय वाचता आहात?

"ही कादंबरी," सर म्हणाले. पुस्तक उंच धरून त्यांनी सभेला दाखवलं. "कालच संपवली."

"कशी आहे?"

"ग्रामीण जीवनाचं चित्रण आहे. पात्रं जरा जास्त आहेत, पण ओघ आहे." त्यांनी घसा साफ केला. "लेखकाला माणसाची नस सापडली आहे."

"शेवट?"

"तो सांगून मी वाचकांचा आनंद हिरावून घेणार नाही."

नफिसाने हात पुढे केला. सरांनी मोठ्या मनाने पुस्तक दिलं. तिने ते उघडलं. खाकी कागद आतून ओलसर होता, त्यावर मिठाची नक्षी उमटलेली होती. पहिल्या पानावर 'श्री', आणि 'श्री'च्या बाजूला वाचनालयाचा गोल शिक्का. तिने पानाच्या कडेला नख लावलं. पान उलटलं.

चार वाजून सात मिनिटं झाली होती.

मोडी दिसली की पाहुणे गप्प बसतात, हे सरांचं म्हणणं खरं ठरलं. नफिसाने शेवटचं पान काढलं. सर वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शेरा लिहितात, हे सर्व सभासदांना ठाऊक होतं. नव्वद वर्षांच्या पाळीच्या यादीखाली, निळ्या शाईत, सहीसकट लिहिलेलं होतं: 'वाचनीय. शेवट अनपेक्षित.'

ती माईकवर वाचणार एवढ्यात सरांनी माईकचा खटका बंद केला. चपळाई वयाच्या मानाने कौतुकास्पद होती. ते हळू आवाजात म्हणाले, आता एक अडचण आहे. पुस्तक दाखल झालं, शिक्के पडले, म्हणजे ते वाचनालयाचं झालं. बाद करायचं तर ठराव हवा, वर मंजुरी हवी, आठ-दहा महिने. धोंडुबाईंनी हवं तर सभासद व्हावं. पंधरा दिवसांसाठी मिळेल.

नफिसाने सहा वर्षांत सरांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. हंगामी माणूस उलट बोलत नाही. दर अकरा महिन्यांनी नव्याने नेमताना त्याला याची आठवण करून दिली जाते. तिने वहीकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या कमरेच्या पिशवीकडे, ज्यात तिची सही होती.

"मग शेरा वाचू का?" तिने विचारलं, आणि खटक्यावर बोट ठेवलं.

सरांनी थोडा विचार केला. बाराशे पुस्तकांवर त्यांचे शेरे होते. एक खोटा ठरला तर लोक बाकीचे चाळायला लागतील. ते उभे राहिले, धोंडुबाईला वाकून नमस्कार केला आणि नफिसाच्या हातून घेतलेलं पुस्तक बाद न करता, दाखल न समजता, परत न देता तिच्या हातात दिलं. त्यातून पुढे बुधवारचा ठराव निघाला.

धोंडुबाईने वही उलटसुलट करून पाहिली. खाकी कव्हरावरून हात फिरवला.

"कपडा बरा घातलाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

पुंडलिककाकांच्या तोंडावर रंग परत आला.

६

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण वही हातात आल्यावर धोंडुबाईने नफिसाचं मनगट धरलं ते सोडलं नाही. उद्या सकाळी ये, ती म्हणाली. वाचणारा मास्तर आजारी आहे, आणि तू आणलीस तर तूच वाच.

रविवारी सकाळी नफिसा खारकोंड्याच्या पारावर उभी राहिली. सत्तावीस घरांची माणसं खाली बसली होती. हरेश आला होता, हातात गमबूट घेऊन, फाशी जाणाऱ्याच्या चेहऱ्याने. खाडीचं पाणी बांधाला लागायला सुरुवात झाली होती. तिने वही उघडली. गेल्या वर्षीची पाळी घर क्रमांक अकरा, ठाकूर. हरेशचं घर तेरावं. मधे बारावं कोणाचं, ते गावात कोणाला आठवत नव्हतं, कारण एकेका घराची पाळी सत्तावीस वर्षांनी येते आणि तेवढ्यात माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो.

तिने बारावी ओळ वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग वाचली.

'बारा. मुकादम. हल्ली वस्ती रोहा. बदली: धोंडुबाईचं घर.' बदलीच्या पुढे दोन खुणा होत्या. एक सत्तावीस वर्षांपूर्वीची, धोंडुबाईच्या नवऱ्याची. दुसरी चौपन्न वर्षांपूर्वीची, सासऱ्याची.

नफिसाचा आजा रोह्याला गेला तेव्हा बांधाला लागून दोन गुंठे जमीन मागे राहिली होती, एवढं तिने घरी ऐकलं होतं. ती कोरडी कशी राहिली, ते कोणी विचारलं नव्हतं.

"दोन फेरं आमच्या घरानं काढलं तुमचं," धोंडुबाई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. भाताला पाणी किती लागतं ते सांगावं तसा आवाज होता. "आता आमच्यात चालनारं कोन नाय. म्हनून तर दिली तुला. नायतर त्या मिठाईवाल्याला नसती दिली?"

बोलण्यातल्या गोडव्याचं कोडं असं उलगडलं. नफिसाला आधी वैताग आला. तिने खाली पाहिलं, पायात ऑफिसच्या चपला होत्या. मग हरेश पुढे आला आणि त्याने काही न बोलता गमबूट तिच्यापुढे ठेवले. चेहरा इतका उजळला होता, की त्याने भोकं बुजवायला वर्षभराचे शाडूचे गोळे फुकट देऊ केले. धोंडुबाई काठी टेकत बांधावर तिच्या पुढे चालू लागली. पहिलं भोक शंभर पावलांवरच निघालं. नफिसाने गोळा आत दाबला, वरून टाच मारली. पाणी आलं, थांबलं, आणि आपल्याकडे वळून पाहिल्यासारखं करून मागे गेलं.

गुरुवारी, म्हणजे ठरावाच्या दुसऱ्या दिवशी, तिने वाचनालयात एक अर्ज दाखल केला. पुंडलिककाकांनी त्याला खाकी कव्हर घातलं, कारण तो डाव्या कोपऱ्यात ठेवला होता. या वेळी मुद्दाम.

प्रति,
मा. कार्यवाह,
लोकविहार वाचनालय, पेण.

विषय: उधाणांच्या वेळापत्रकाबाबत.

महोदय,

खारकोंडे येथील बांधाची चालू वर्षाची पाळी माझ्याकडे आली आहे. सदर पाळीची नोंद ज्या वहीत आहे ती मंडळाच्या ठरावानुसार कधीही हरवलेली नाही, आणि ती आपण स्वतः वाचून 'वाचनीय' असा शेरा दिलेला असल्याने अधिक पुराव्याची आवश्यकता भासू नये. मी हंगामी कर्मचारी असल्यामुळे मला रजा देय नाही. वर्षात उधाणे मात्र पंचवीस असून ती कार्यालयीन वेळेचा विचार न करता येतात, असे पंचांगावरून दिसून येते.

तरी मंडळाने संबंधितांकडे पाठपुरावा करून, येत्या मार्गशीर्षापर्यंतच्या सर्व अमावास्या व पौर्णिमा सोमवारी, म्हणजे वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, घेण्यात याव्यात, आणि तसे खाडीस लेखी कळवून त्याची एक प्रत मला मिळावी, ही नम्र विनंती.